मेल्ड ग्राफ: जागा तो दाखवतो, प्रकार तुम्ही ठरवायचा

अपस्माराच्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये लपलेला कॉर्टेक्सचा बिघाड शोधणारे मेल्ड ग्राफ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते चालवायला जे लागते ते मात्र फुकट नाही: नीट काढलेला एमआरआय, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायला न घाबरणारा एखादा माणूस, आणि समोर उमटलेल्या डागाकडे बघून ‘हा खरा, हा खोटा’ असे सांगू शकणारा रेडिओलॉजिस्ट. पहिले दोन नसतील तर सॉफ्टवेअर चालणारच नाही. तिसरा नसेल तर चालेल, आणि ते जास्त धोक्याचे.

लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या सोफी ॲडलर आणि किंग्ज कॉलेजचे कॉनराड वॅगस्टिल यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘मेल्ड’ प्रकल्पाची ही दुसरी पिढी. पहिली २०२२ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आली, ही २०२५ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त. दोन्हींचे काम एकच: फिट येणाऱ्या माणसाच्या एमआरआयमध्ये फोकल कॉर्टिकल डिसप्लेशिया, म्हणजे एफसीडी, कुठे लपला आहे ते शोधणे. मेंदूचा बाहेरचा करडा थर, कॉर्टेक्स, जेमतेम २ ते ४ मिमी जाडीचा. त्याचा एखादा लहान तुकडा गर्भात असतानाच चुकीचा घडला तर तो एफसीडी. खाचेच्या तळाशी दडून बसलेला असला तर तो सरावलेल्या डोळ्यालाही चकवतो. दोन-दोन, तीन-तीन औषधे होऊनही फिट थांबत नाहीत आणि रिपोर्टवर मात्र ‘नॉर्मल स्टडी’, अशा फायलींतल्या काहींमध्ये हाच निघतो. तो सापडला आणि पूर्ण काढता आला तर फिट थांबण्याची शक्यता चांगली असते. म्हणून या शोधाला एवढी किंमत.

परीक्षणाचा निकाल आधीच सांगून टाकतो. ‘कुठे?’ या प्रश्नाला मेल्ड ग्राफ चांगले उत्तर देतो. ‘कोणता?’ हा प्रश्न त्याला कोणी शिकवलेलाच नाही. आणि कॉर्टेक्सच्या जन्मजात बिघाडांमध्ये पुढचे सगळे, म्हणजे शस्त्रक्रिया करायची की नाही, कोणती जनुक-तपासणी मागवायची, पुढच्या बाळंतपणाबद्दल आईवडिलांना काय सांगायचे, हे ‘कोणता’वर ठरते.

आकडे नीट वाचा

प्रशिक्षण आणि चाचणी मिळून २३ केंद्रांतल्या १,१८५ जणांचे स्कॅन वापरले गेले: ७०३ एफसीडीचे रुग्ण आणि ४८२ तुलनेसाठी घेतलेले, ज्यांना एफसीडी नाही असे. सॉफ्टवेअरने पूर्वी न पाहिलेल्या चाचणीच्या गटात संवेदनशीलता ७० टक्के, म्हणजे १०० रुग्णांपैकी ७० जणांचा खरा डाग सापडला. ज्यांच्या ऊतीच्या तपासणीने निदान पक्के झाले होते आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षभर फिट आली नव्हती, त्यांच्यात हाच आकडा ८१.६. ज्यांचा एमआरआय आधी ‘निगेटिव्ह’ म्हणून गेला होता त्यांच्यात ६३.७. हा शेवटचा आकडा आमच्या मते सर्वांत मोलाचा. डोळ्याला दिसतोच तो डाग शोधायला संगणक कशाला हवा?

आता दुसरी बाजू. विशिष्टता ६० टक्के. याचा साधा अर्थ असा की ज्यांना काहीही नाही अशा १०० जणांचे स्कॅन घातले तर ४० जणांच्या मेंदूवर निदान एक डाग दाखवला जाईल. डाग दाखवल्यावर तो खरा निघण्याचे प्रमाण ६७ टक्के. आधीच्या पद्धतीचे ३९ होते, म्हणजे सुधारणा खरोखर मोठी आहे. पण हे ६७ अशा गटातले आहेत जिथे निम्म्याहून अधिक लोकांना एफसीडी होताच. तुमच्या ओपीडीत येणाऱ्या, फिट एका जागेवरून सुरू होते असे वाटणाऱ्या सगळ्यांचे स्कॅन घातलेत तर त्यांत जुने मार, बारीक गाठी, सिस्टिसर्कोसिसचे (मेंदूत शिरलेल्या जंताचे) वाळलेले डाग असलेलेही असणार. एफसीडीवाल्यांचे प्रमाण कमी झाले की ते ६७ खाली येते. हे सॉफ्टवेअरचे पाप नाही, गणित आहे. डोके दुखते म्हणून स्कॅन काढलेल्या माणसावर ते चालवणे म्हणजे मात्र पैसे न देता चिंता विकत घेणे.

बसवताना आणि चालवताना

बसवण्याचा सोपा मार्ग डॉकरचा. सगळे सुटे भाग एका डब्यात येतात आणि आवृत्त्यांची भांडणे टळतात. मेंदूचा पृष्ठभाग आखणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, तोही मोफत, ईमेलवर मिळतो. सर्व्हरवर डॉकर चालू देत नसतील तर सिंग्युलॅरिटी या तशाच दुसऱ्या डब्याची वाट आहे.

घालायचे काय? थ्रीडी टी-वन (मेंदूची रचना ठळक दाखवणारा एमआरआयचा प्रकार) हवाच. थ्रीडी फ्लेअर (बिघडलेला भाग उजळ दाखवणारा प्रकार) असेल तर उत्तम, नसेल तरी चालते. सीडीवरच्या डायकॉम फाइली आधी निफ्टी स्वरूपात बदलाव्या लागतात, आणि याच पायरीवर रुग्णाचे नाव गळायला हवे. फोल्डरची नावे ठरल्याप्रमाणेच ठेवा. निम्म्या तक्रारी सॉफ्टवेअरच्या नसून फोल्डरच्या नावातल्या एका आडव्या रेघेच्या असतात.

मग सॉफ्टवेअर काय करते ते समजून घ्यायला हवे, कारण पुढच्या सगळ्या चुका इथे उगम पावतात. आधी फ्रीसर्फर कॉर्टेक्सच्या दोन सीमा आखतो: करड्या आणि पांढऱ्या भागामधली एक, आणि बाहेरची एक. मग मेंदूचा प्रत्येक अर्धगोल १,६३,८४२ बिंदूंच्या जाळ्यावर बसवला जातो. प्रत्येक बिंदूवर मोजमापे घेतली जातात: कॉर्टेक्सची जाडी, करड्या-पांढऱ्यातला फरक किती ठसठशीत, खाचेची खोली, वळीचा बाक, आणि फ्लेअर दिला असेल तर वेगवेगळ्या खोलींवरचा उजळपणा. ही मोजमापे निरोगी लोकांच्या मोजमापांशी आणि त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूशी ताडली जातात. ग्राफ न्यूरल नेटवर्क पूर्ण पृष्ठभाग एकत्र बघते, आणि जुन्या पद्धतीवर त्याची जी सरशी आहे ती इथेच. जुनी पद्धत प्रत्येक बिंदूचा एकेकटा विचार करायची. नकाशावर कांजिण्या उठल्यासारखे डाग पडायचे.

वेळ फ्रीसर्फर खातो. साध्या संगणकावर एका स्कॅनला कित्येक तास. रात्री लावा, सकाळी बघा. तेच काम झटपट करणाऱ्या फास्टसर्फरचा पर्याय निवडला तर वेळ बराच वाचतो, चांगले ग्राफिक कार्ड असल्यास अधिकच.

हार्मनायझेशन ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि मग निकालाला नावे ठेवतात. प्रत्येक स्कॅनरचा स्वतःचा एक ‘सूर’ असतो. एका यंत्रावर जी जाडी २.६ मिमी मोजली जाते ती दुसऱ्यावर थोडी वेगळी भरते. तो फरक काढून टाकायला त्याच स्कॅनरवर, त्याच सेटिंगवर काढलेले किमान २० जणांचे स्कॅन लागतात, वय आणि लिंग यांच्या नोंदीसकट. ही पायरी वगळून सॉफ्टवेअर चालते, पण निकाल घसरतो. आणि स्कॅनरची मोठी दुरुस्ती झाली, कॉइल किंवा सॉफ्टवेअर बदलले, तर तो नवा स्कॅनर धरायचा. जुन्या २० जणांची शिदोरी तिथे चालत नाही.

बिघडते कुठे? मूल हलले की सीमा वेडीवाकडी आखली जाते आणि तिथे खोटा डाग उमटतो. कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरचा टी-वन घातला तर उजळलेल्या रक्तवाहिन्या आणि आवरणे बाहेरच्या सीमेला फसवतात. कॉन्ट्रास्टच्या आधीचाच घ्या. ५ मिमी जाडीच्या कापांचा फ्लेअर ‘आहे तर घालू’ म्हणून घालू नका. १ मिमीच्या जाळ्यावर ५ मिमीची माहिती ताणून बसवण्यात अर्थ नाही. टेम्पोरल लोबचे टोक आणि डोळ्यांच्या खोबणीवरचा फ्रंटल भाग इथे हवेच्या पोकळ्यांमुळे सिग्नल मुळातच बिघडलेला असतो, तिथल्या एकट्या डागावर लगेच विश्वास नको. आधी शस्त्रक्रिया झालेल्या मेंदूचा स्कॅन घालू नका. तीन वर्षांखालच्या मुलांचाही नको: पांढऱ्या भागावर मायलिनचे अस्तर चढण्याचे काम चालू असते, करडे-पांढरे यांतला फरक महिन्यामहिन्याला बदलतो आणि सॉफ्टवेअरच्या मोजपट्टीला आधारच उरत नाही. त्या वयात तर अनुभवी रेडिओलॉजिस्टलाही एफसीडी बरेचदा दिसत नाही, किंवा सहा महिन्यांच्या आत दिसलेला पुढे कधीकधी दिसेनासा होतो.

आणि डावे-उजवे. रेडिओलॉजीत चित्राच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू असते, संशोधनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा उलटे. रूपांतरानंतर शंका उरू नये म्हणून स्कॅनच्या वेळी उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवण्याची जुनी युक्ती अजून तितकीच खात्रीची आहे.

रिपोर्ट कसा वाचावा

शेवटी एक पीडीएफ मिळते आणि मूळ स्कॅनवर चढवता येईल अशी डागांची फाइल. पीडीएफमध्ये फुगवलेल्या मेंदूवर डाग, त्याचा आकार, खात्रीचा टक्का, आणि कोणत्या मोजमापामुळे हा निर्णय झाला त्याच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्या ही या सॉफ्टवेअरची सर्वांत प्रामाणिक जागा आहे. ‘जाडी वाढलेली, करड्या-पांढऱ्यातला फरक पुसट, फ्लेअर उजळ’ असे त्रिकूट एकत्र आले तर तो डाग गंभीरपणे घ्यावा, कारण टाइप टू एफसीडी (प्रकारांबद्दल पुढे येतेच) डोळ्यांनाही असाच दिसतो. नुसत्या वळीच्या बाकावर उभा असलेला डाग बहुधा माणसामाणसांतला फरक असतो.

पीडीएफ बघून थांबायचे नाही. डागाची फाइल मूळ टी-वन आणि फ्लेअरवर चढवा, मग डाग बंद करून तीच जागा तिन्ही पातळ्यांत नुसत्या डोळ्यांनी बघा. खाचेच्या तळापासून व्हेंट्रिकलकडे (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीकडे) निमुळती होत जाणारी, नरसाळ्यासारखी उजळ पट्टी दिसते का? दिसली तर ती ट्रान्समँटल खूण, आणि टाइप टू बी ची शक्यता बळावते. मग ईईजी आणि फिट कशी सुरू होते त्याचे वर्णन जुळवा. डाव्या हाताच्या झटक्याने सुरू होणारी फिट आणि डाव्या ऑक्सिपिटलमधला (मेंदूच्या मागच्या भागातला) डाग यांचा संसार व्हायचा नाही, कारण डावा हात मेंदूची उजवी बाजू हलवते.

आता मुख्य तक्रार

या सॉफ्टवेअरला जगात दोनच गोष्टी माहीत आहेत: एफसीडी आणि एफसीडी नसणे. कॉर्टेक्सच्या बिघाडांचे जग याहून कितीतरी मोठे आहे. १९९६ मध्ये जेम्स बार्कोविच आणि सहकाऱ्यांनी त्याची पहिली व्यवस्थित मांडणी केली, २००१, २००५ आणि २०१२ मध्ये ती सुधारली. मुद्दा साधा होता: बिघाड दिसतो कसा यापेक्षा तो घडणीच्या कोणत्या टप्प्यात झाला ते विचारा. पेशी जन्माला येताना आणि वाढताना चुकले तर पहिला गट: मायक्रोसेफली (मेंदू लहान), मेगालेन्सेफली (मेंदू मोठा), एक अर्धगोल अवाढव्य असलेली हेमिमेगालेन्सेफली, ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतरत्र गाठी करणारा जनुकीय आजार). पेशी आतून बाहेर प्रवास करताना रस्ता चुकल्या तर दुसरा: हेटरोटोपिया (करडा भाग भलत्या जागी), लिसेन्सेफली (मेंदू गुळगुळीत), कॉबलस्टोन (पृष्ठभाग खडबडीत). मुक्कामाला पोचल्यावर रचना बिघडली तर तिसरा: पॉलीमायक्रोजायरिया (वळ्या बारीक आणि फार), स्किझेन्सेफली (मेंदूत आरपार भेग).

आणि एफसीडी? त्याचेच दोन तुकडे झाले. टाइप टू पहिल्या गटात, टाइप वन आणि थ्री तिसऱ्या गटात. एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीचे आजार आहेत, आणि सॉफ्टवेअर दोघांनाही एकाच रंगात रंगवते. शिवाय प्रकल्पाच्या माहितीत ऊतीने सिद्ध झालेल्यांत टाइप टूच बहुसंख्य आहेत, म्हणून त्याची नजरही तिकडेच तयार झाली आहे. टाइप वन मध्ये जाडी फारशी वाढत नाही. लोब थोडा लहान, पांढरा भाग किंचित कमी आणि किंचित उजळ, एवढेच. त्याबाबतीत सॉफ्टवेअर गप्प राहिले तर ‘नाही’ असा अर्थ काढू नये.

बाकीच्या बिघाडांबाबत तर ते मुळातच आंधळे आहे, आणि कारण यंत्रणेतच आहे. मोजमापे कॉर्टेक्सच्या पृष्ठभागावर आणि त्याच्या लगत घेतली जातात. व्हेंट्रिकलच्या भिंतीला चिकटलेल्या हेटरोटोपियाच्या गाठी तिथून दूर असतात. हिप्पोकॅम्पस या टेम्पोरल लोबच्या आतल्या भागाचे स्क्लेरोसिसही (आक्रसून कडक होणे) या जाळ्यात सापडत नाही. पॉलीमायक्रोजायरियात वळ्या इतक्या बारीक आणि दाट की सीमा कुठे आखायची हाच गोंधळ. कॉर्टेक्सखाली करड्या भागाचा दुसरा पट्टा असेल तर आखणी कोणत्या सीमेवर बसेल याचा नेम नाही. म्हणजे स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये घालण्याआधीच ‘हा एफसीडीच्या गटातला प्रश्न आहे का?’ हे माणसाने ठरवायचे. पीडीएफवर ‘काही आढळले नाही’ असे छापून येईल आणि स्कॅनवर डोळ्यासमोर हेटरोटोपिया असेल, असे सहज होऊ शकते.

माणूसही इथे कमी चुकत नाही. जिथे गल्लत जास्त होते ती ठिकाणे अशी.

जाड कापांवर पॉलीमायक्रोजायरिया हमखास पॅकिजायरिया (वळ्या मोजक्या, रुंद आणि जाड) वाटतो. ५ मिमीच्या कापात बारीक वळ्या एकमेकींत मिसळून एकच रुंद, जाड, गुळगुळीत वळी दिसते. १ मिमीवर करड्या-पांढऱ्याची सीमा बघा: ती करवतीच्या दातांसारखी असेल तर पॉलीमायक्रोजायरिया, सरळ गुळगुळीत असेल तर पॅकिजायरिया. नवजात बाळात तर हाच थर २ ते ३ मिमी दिसतो आणि मायलिन चढल्यावर ५ ते ८ मिमी. आजार वाढलेला नसतो, चित्र बदललेले असते. सिल्व्हियन खाचेभोवतीचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. सोबत कॅल्शियमचे ठिपके, पांढऱ्या भागात डाग किंवा टेम्पोरल लोबच्या टोकाशी पाण्याच्या पिशव्या (सिस्ट) असतील तर जनुकांआधी गर्भातल्या सायटोमेगालो विषाणूचा विचार करा.

आपल्याकडचा खास गोंधळ युलेजायरियाचा. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत साखर खूप खाली गेलेल्या बाळांत पुढे दोन्हीकडच्या पॅरिएटल-ऑक्सिपिटल भागात व्रण राहतो, आणि भारतात मुलांच्या हट्टी अपस्मारामागे हे कारण वारंवार सापडते. तिथे वळ्या मुळाशी झिजलेल्या आणि वर शाबूत, अळंबीसारख्या दिसतात. घाईत त्याला पॉलीमायक्रोजायरिया लिहिले जाते. एक घडणीतला दोष, दुसरा घडून झाल्यावरची इजा. पहिल्यात जनुक-तपासणीला अर्थ आहे, दुसऱ्यात तोच पैसा वाया. मेल्ड ग्राफला हे शिकवलेले नाही, त्यामुळे अशा व्रणावर तो डाग दाखवेल तेव्हा त्याला एफसीडी म्हणायचा मोह आवरा. सिस्टिसर्कोसिसच्या वाळलेल्या डागाचेही तेच. रक्त आणि कॅल्शियम दाखवणारा एसडब्ल्यूआय सिक्वेन्स किंवा साधा सीटी आधी बघून घ्या.

व्हेंट्रिकलच्या काठच्या गाठी करड्या भागाच्याच रंगाच्या, प्रत्येक सिक्वेन्सवर, असतील तर हेटरोटोपिया. रंग जुळत नसेल, कॅल्शियम असेल, तर ट्यूबरस स्क्लेरोसिस शोधा, अंगावरचे पांढरे चट्टे बघा. दोन्ही बाजूंना ओळीने गाठी असलेली मुलगी किंवा बाई असेल तर फिलामिन ए हे जनुक तपासायचे आणि हृदयाचा इको करायचा, कारण याच जनुकामुळे झडपा आणि महाधमनी बिघडू शकतात. ‘हेटरोटोपिया’ एवढेच लिहून सोडलेल्या रिपोर्टमध्ये हा इको हरवतो.

भेग व्हेंट्रिकलपर्यंत गेलेली असेल तर तिच्या काठाला काय आहे ते बघा. करडा भाग असेल तर स्किझेन्सेफली, पांढरा भाग किंवा व्रण असेल तर पोरेन्सेफली.

लिसेन्सेफलीत गुळगुळीतपणा पुढे जास्त की मागे, ही पहिली पायरी. मागे जास्त असेल तर क्रोमोसोम १७ वरचे लिस-१, पुढे जास्त असेल तर एक्स क्रोमोसोमवरचे डीसीएक्स. डीसीएक्समध्ये मुलाला लिसेन्सेफली आणि त्याच घरातल्या आईला किंवा बहिणीला फक्त कॉर्टेक्सखालचा दुहेरी पट्टा, असे घडते. म्हणून आईचा एमआरआय हा मुलाच्या तपासणीचाच भाग. कॉर्पस कॅलोसम (दोन अर्धगोलांना जोडणारा पूल) नाही आणि मुलाचे जननेंद्रिय संदिग्ध असेल तर एआरएक्स. सेरेबेलम (मागचा छोटा मेंदू) फारच लहान असेल तर रीलिन. पृष्ठभाग गोट्यांच्या फरसबंदीसारखा खडबडीत, ब्रेनस्टेम बिघडलेला, तर कॉबलस्टोन. तिथे महागड्या जनुक-पॅनेलआधी रक्तातले सीके (स्नायूंतले एक एन्झाइम) मागवा. ते खूप वाढलेले असेल तर स्नायूंचा आजार सोबत आहे आणि शोधायची जनुकांची यादी बरीच आटते.

सॉफ्टवेअर थांबते तिथून पुढे

समजा डाग खरा होता, शस्त्रक्रिया झाली, तुकडा पॅथॉलॉजीत गेला. ‘कोणता’ याचे उत्तर इथे मिळते. एफसीडीचे पहिले नेमके वर्णन १९७१ मधले, टेलर आणि सहकाऱ्यांचे, १० रुग्णांवरचे. आज वापरात आहे ती २०११ ची आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेची वर्गवारी, २०२२ च्या सुधारणेसह. टाइप वन ए मध्ये पेशी उभ्या रांगेत बसलेल्या, एका ओळीत आठपेक्षा जास्त. वन बी मध्ये आडव्या थरांची रचना विस्कटलेली. वन सी मध्ये दोन्ही. टू ए मध्ये बेढब न्यूरॉन. टू बी मध्ये त्यांच्या जोडीला फुग्यासारख्या फुगलेल्या पेशी. टाइप थ्री हा दुसऱ्या कशाच्या तरी शेजारचा: ए हिप्पोकॅम्पसच्या स्क्लेरोसिसच्या, बी गाठीच्या, सी रक्तवाहिन्यांच्या बिघाडाच्या, डी लहानपणच्या इजेच्या. २०२२ मध्ये पांढऱ्या भागातल्या बिघाडांना जागा मिळाली. त्यांतल्या एकाचे लघुनाव ‘मोघे’. आडनावाशी काही संबंध नाही. ऑलिगोडेंड्रोग्लियाची गर्दी आणि अपस्मार असा तो आजार, बहुधा लहान मुलांच्या फ्रंटल लोबमध्ये, एसएलसी३५ए२ या जनुकाशी जोडलेला.

इथली मोठी चूक कापण्यातली. कॉर्टेक्सच्या पृष्ठभागाला काटकोनात काप घेतला नाही तर टाइप वन ची उभी-आडवी रचना वाचताच येत नाही. तिरक्या कापात निरोगी कॉर्टेक्सही विस्कटलेला दिसतो. सर्जनने तुकडा अख्खा आणि दिशा सांगून पाठवावा, सक्शनने ओढलेला भुगा नको. थरांसाठी न्यूएन, बेढब न्यूरॉनसाठी न्यूरोफिलामेंट, फुगलेल्या पेशींसाठी व्हायमेंटिन, मोघेसाठी ऑलिग-२, एवढे रंग मागवा. नुसत्या एचअँडई या नेहमीच्या रंगावर टाइप वन लिहू नये.

२०२२ ची दुसरी भर म्हणजे थरांचे निदान: ऊत काय सांगते, एमआरआय काय सांगतो, जनुक काय सांगते, तिन्ही ओळी एकत्र लिहायच्या. टाइप टू मध्ये बिघाड पेशींची वाढ सांभाळणाऱ्या एमटॉर साखळीतल्या जनुकांत असतो: एमटॉर, डीईपीडीसी५, टीएससी१, टीएससी२, पीआयके३सीए वगैरे. यातले पुष्कळसे बदल फक्त मेंदूच्या त्या तुकड्यातल्या काही पेशींत असतात, रक्तात नसतात. म्हणून रक्ताचे पॅनेल ‘निगेटिव्ह’ आले तरी टाइप टू बाद होत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळीच तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये न बुडवता ताबडतोब गोठवून ठेवायला सांगा. हे आधी ठरले नाही तर नंतर करता येत नाही. ठळक अपवाद डीईपीडीसी५ चा: तिथे एक बदल वंशपरंपरेने रक्तातही असू शकतो, त्यामुळे घरात इतर कोणाला फिट येत असतील तर रक्त तपासण्यात अर्थ आहे.

कोणी घ्यावे

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या अपस्मार केंद्रांनी, एक स्कॅनर पक्का करून, २० जणांचे स्कॅन जमवून, मगच. रुग्णचर्चेच्या बैठकीत एक जास्तीचे मत म्हणून. ते संशोधनासाठी दिलेले साधन आहे, वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता असलेले नाही, त्यामुळे नुसत्या त्याच्या डागावर मेंदूत इलेक्ट्रोड घालण्याचा निर्णय कोणी घेऊ नये. पण ईईजीने आधीच बोट दाखवलेल्या भागात त्याचा डाग पडला तर इलेक्ट्रोड कुठून न्यायचे ते ठरवायला तो खरोखर उपयोगी पडतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या रेडिओलॉजिस्टने यात वेळ घालवण्यापेक्षा स्कॅनची पद्धत सुधारावी, त्यातून जास्त डाग सापडतील.

आईवडील विचारतात, आमच्या सीडीवर हे चालेल का? सीडी उघडा आणि टी-वन च्या मालिकेत किती चित्रे आहेत ते मोजा. २०-२५ असतील तर ती ५ मिमीची, चालणार नाही. १६० ते १९० च्या आसपास असतील तर बहुधा १ मिमीची, चालेल. पुन्हा स्कॅन काढायचाच असेल तर चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ नको. ‘अपस्मार प्रोटोकॉल, थ्रीडी टी-वन आणि थ्रीडी फ्लेअर, दोन्ही १ मिमी, मध्ये फट नाही, हिप्पोकॅम्पसला काटकोनात कोरोनल टी-टू, २ मिमी, शक्य असल्यास ३ टेस्ला’ असे लिहून घ्या. २०१९ मध्ये ‘हार्नेस’ या नावाने सुचवलेल्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे. फिट कोणत्या बाजूने सुरू होते आणि ईईजी काय म्हणतो, ही एक ओळही त्याच चिठ्ठीवर असू द्या. रेडिओलॉजिस्ट मग त्या भागातली प्रत्येक खाच तळापर्यंत बघतो.